आईला काही माहीत नव्हतं

हेमचंद्र सकाळीच ईस्ट कोस्टला फिरायला निघून गेले. बुकित बातोकच्या घरापासून ईस्ट कोस्टचा समुद्रकिनारा म्हणजे बेटाचं पार दुसरं टोक. एरवी खालच्या दुकानातून दूध आणायचं म्हटलं तरी यांचे गुडघे दुखायला लागतात. पण आज लेक तिची फिल्म दाखवणार होती, आणि ती बघायची छाती नव्हती. "तू बघ आणि काय ते सांग तिला," एवढं म्हणून स्वारी पसार. अरुणाला राग आला, पण तोही नेहमीसारखा गिळला. राग गिळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

जाई त्यांची एकुलती एक. बारा वर्षांपूर्वी शिकायला फ्रान्सला गेली ती तिथलीच झाली. दुसऱ्यांचे माहितीपट एडिट करता करता आता तिने स्वतःचा केला होता, फ्रेंचमध्ये. स्वतःवर आणि उल्हासमामावर. पुढच्या महिन्यात तो तिकडे लोकांना दाखवायचा होता. त्यात घरचे फोटो होते, आई होती, म्हणून ती खास विमानाने आली होती. "आधी तू बघ. तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार." आणि नको म्हणायचं हे अरुणाने मनाशी पक्कं केलं होतं. गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं!

उल्हास तिचा थोरला भाऊ, जहाजावर इंजिनिअर. एक जहाज सोडलं आणि दुसरं मिळायचं असलं, की आठ-पंधरा दिवस बहिणीकडे मुक्काम. फ्लॅट दोन बेडरूमचा, त्यामुळे त्याची गादी जाईच्या खोलीत पडायची. जाई तेव्हा नऊ वर्षांची. तो तिच्याशी काय करायचा, हे तिने आईला सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, तो वारल्यावर, फोनवर. अरुणा तेव्हा "अगं बाई!" एवढंच म्हणाली होती. नंतर दोघींनीही विषय काढला नाही.

जेवणाच्या टेबलावर जाईने लॅपटॉप उघडला. इंग्रजी सबटायटल्स अजून बसवायची होती, म्हणून ती थांबवून थांबवून अर्थ सांगणार होती.

"फ्रेंचमध्ये कशाला केलंस गं हे?"

"मराठीत हे शब्द तोंडातून बाहेरच पडत नाहीत, आई. मराठीत तुम्ही सगळे समोर बसलेले असता."

आणि आता नेमकं तेच मराठीत सांगायची पाळी तिच्यावर आली होती. बिचारी अडखळत होती, मध्येच इंग्रजीत शिरत होती, पुन्हा मराठीत येत होती. अरुणा मान हलवत होती.

मग तो फोटो आला. हेमचंद्रांनी काढलेला. नऊ वर्षांची जाई पलंगावर गाढ झोपलेली, अंगात शाळेचा निळा पिनाफोर, कमरेला पट्टा आवळलेला, पायात मोजे. मामा आला की ती रात्री युनिफॉर्म चढवूनच झोपायची. विचारलं तर म्हणायची, सकाळी उशीर होतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अरुणाने ही गंमत कितीतरी जणींना सांगितली होती. "आमच्या जाईला शाळेची एवढी हौस, कपडे घालूनच झोपते बाई!" सगळ्या हसायच्या. अरुणा त्यांच्यापेक्षा जोरात हसायची.

जाईने फिल्म थांबवली. "इथे मी म्हणतेय, आईला काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही, तर तिला कसं कळणार? तिच्यावर माझा राग नाही." आणि तिने आपला हात आईच्या हातावर ठेवला.

सुटले गं बाई, हेच अरुणाच्या मनात पहिल्यांदा आलं. लेकीने आपणहून सोडून दिलं होतं. आता फक्त डोळे पुसायचे, "दाखव हो," म्हणायचं आणि वरणाला फोडणी द्यायला उठायचं. नको म्हणायचीही गरज उरली नव्हती. खरं जाणणारा एक तर वर गेला होता, आणि दुसरी ती स्वतः.

पण जाईचा हात तसाच होता. कितीतरी वर्षांत लेकीने असा हात ठेवला नव्हता.

"ते वाक्य काढ," अरुणा म्हणाली.

"तुझं नाव नाही घेतलंय त्यात."

"नावाचं नाही गं. खोटं आहे ते. मला माहीत होतं."

जाईने हात काढून घेतला. "कधीपासून?"

"दुसऱ्यांदा राहायला आला तेव्हापासून. पाणी प्यायला उठले होते. तुझ्या खोलीचं दार जरासं उघडं होतं. माहेरचा म्हणून तो एकटाच उरला होता गं मला. आई-वडिलांमागे त्यानेच वाढवलं. त्याला जा म्हटलं असतं, तर का ते सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मी घाबरले. दुसरं काही नाही, घाबरले."

जाई ओरडली असती, ताट भिरकावलं असतं तर अरुणाला बरं वाटलं असतं. न राहवून तीच पुढे बोलली.

"पण मी अगदीच गप्प नव्हते बसले हं, जाई. जाग आली की मी स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी वाजवायचे. डब्यांची झाकणं खाली पाडायचे. आवाज झाला की तो उठून बाहेर यायचा आणि पाणी मागायचा."

"आणि तू द्यायचीस?"

"हो."

"ती भांडी तू मुद्दाम वाजवायचीस?" जाईचा आवाज एकदम नऊ वर्षांच्या पोरीसारखा झाला. "मी वाट बघायचे त्या आवाजाची. डोळे मिटून मनात आकडे म्हणायचे. शंभराच्या आत आवाज येईल, दोनशेच्या आत येईल."

अरुणाने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. जाई खुर्चीसकट मागे सरकली.

"आणि आई, ज्या रात्री तुला जाग यायची नाही?"

लेक वाट बघत होती. पण एवढ्या वर्षांत हा प्रश्न अरुणाने स्वतःलासुद्धा एकदाही विचारला नव्हता.