आठव्या महिन्यातलं ग्रहण

फाल्गुनी पौर्णिमेचं ग्रहण बडोद्यात दिसणार होतं जेमतेम चार-पाच मिनिटं, चंद्र उगवता उगवता. पण वाडी भागातल्या अहल्येच्या घरात ते सकाळपासूनच उतरलं होतं. माठावर तुळशीपत्र, दुधावर तुळशीपत्र, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा. आणि आतल्या खोलीत, पडदे ओढून, पाचव्या महिन्याची इरा पलंगाच्या कडेला ताठ बसलेली.

इरा ही अहल्येची सून. एम.एस्सी. झालेली, औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी. पण भीती काही डिग्री विचारून घरात शिरत नाही. तिच्या नवऱ्याचा, सलीलचा, वरचा ओठ जन्मतः फाटलेला होता. लहानपणीच शिवला, आता मिशीखाली पांढरी रेघ तेवढी राहिलेली. ती रेघ कशाची, हे अहल्येच्या आतेसासूबाईंनी, प्रेमलाआत्यांनी, नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. वर ओवीही ऐकवली होती:

गिऱ्हाण लागलं चांदव्याच्या गं वाटेला
नको धरू इळी हाती, चीर पडेल ओठाला

"हिला विचारलं होतं तेव्हाच, काही चिरलंबिरलंस का म्हणून," आत्या अहल्येकडे हनुवटी उडवून म्हणत. "तर म्हणते, नाही बाई!"

अहल्या मान खाली घालून दुसरं काम शोधी. कारण तिने चिरलं होतं.

तीस वर्षांपूर्वीची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. घरची सगळी मंडळी गच्चीवर जपाला बसलेली, ही खाली एकटी, आठवा महिना, पोटात आग पडलेली. ताटलीत जामफळ होतं, आपण पेरू म्हणतो ते, पिकून पिवळं झालेलं. तिने सुरी घेतली, चार फोडी केल्या, मिठाला लावून खाल्ल्या. मार्गशीर्षात सलील झाला. सुईणबाईने बाळ दाखवलं, आणि अहल्येला त्या फोडी आठवल्या. त्या दिवसापासून ते जामफळ तिच्या गळ्यात अडकलं ते अडकलंच. सासरी नाही, माहेरी नाही, नवऱ्याला, रमाकांतलाही नाही. कुण्णाला म्हणून बोलली नाही.

आता त्रेपन्नाव्या वर्षी ती दहावीला बसणार होती. दांडिया बाजारात दुपारी बायकांचा वर्ग भरे, तिथे जाई. रमाकांत चिडवी, "पास झालीस की तुला मॅडम म्हणू का?" कोपऱ्यावरचा दुकानदार विचारी, "मासी, हवे भणीने शुं फायदो?" आता शिकून काय मिळणार, म्हणून. ती हसून पुढे जाई. फायदा तिलाही सांगता आला नसता.

संक्रांतीच्या आधीच्या एका दुपारी वर्गात शिकवणाऱ्या स्नेहलताबाईंनी फळ्यावर पोटातल्या बाळाचं चित्र काढलं. बायकांनी पदरात तोंडं खुपसली.

"हसा गं हसा," बाई म्हणाल्या. "दोन-दोन, तीन-तीन पोरं झाली तुमची, आणि आत काय चाललं होतं ते एकीलाही ठाऊक नाही! हे बघा. सहाव्या-सातव्या आठवड्यात ओठ दोन्हीकडून येतो आणि जुळतो. कधी कधी नाही जुळत."

अहल्येचं पेन थांबलं. "बाई, आणि आठव्या महिन्यात?"

"आठव्यात काय! ओठ कधीचा तयार. लबाड आत बसून अंगठा चोखतं."

"मग तेव्हा ग्रहण लागलं... आणि आईने काही केलं, तर?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. हातातला खडू खाली ठेवला. "कधी घराण्यातून येतं, कधी डॉक्टरांनाही कारण सापडत नाही, अहल्याबाई. ग्रहणाने मात्र नाही."

अहल्येने वहीच्या मागच्या पानावर महिने मांडले. ओठ जुळायचा राहिला वैशाखात. जामफळ चिरलं आश्विनात. बोट ठेवून तिने पुन्हा मोजलं, मग पुन्हा. वैशाखातल्या गोष्टीला आश्विनातली सुरी कशी पोचणार? घरी येताना रस्ता तोच होता, पण पाय कुणा दुसऱ्या बाईचे असावेत तसे हलके पडत होते. तरी तिने ती सुटका आपल्यापुरतीच ठेवली. इतक्या वर्षांचं खोटं, उघडायचं कसं?

आणि आज इराने आतून हळूच हाक मारली. "आई, जरा येता?"

अहल्या गेली. इराचा चेहरा पांढरा पडला होता.

"मघाशी कुर्त्याचा दोरा सुटला होता. मी तो नखाने तोडला. ध्यानातच नाही राहिलं. काही होणार नाही ना?"

अहल्या दारातच थबकली. तिला वाटलं, ही बाई मी ओळखते. ही आता ओठ मिटून बसेल, आणि तीस वर्षं बसेल.

तिने पुढे होऊन पडदा सर्रकन बाजूला केला. उन्हाचा पट्टा पलंगावर आला.

"अगं अगं!" आत्या बाहेरून ओरडल्या.

"इरा, मी ग्रहणात जामफळ चिरलं होतं," अहल्या म्हणाली. मग सगळं सांगितलं: सुरी, फोडी, फळ्यावरचं चित्र, वैशाख आणि आश्विन. "तुझ्या बाळाचा ओठ कधीच घडून गेलाय. दोऱ्याने आता त्याला काही होत नाही."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस!" आत्या दारात उभ्या होत्या.

"बोलले, आत्या. भ्याले होते."

इराने तिचा हात धरला. "आणि घराण्यातून आलं असलं तर, आई? झालंच तसं तर?"

"तर शिवून घेऊ. ओठाला टाके पडतात, तो बरा होतो. मला मात्र कुणी टाका घातला नाही गं."

इरासाठी पाणी घेऊन आलेला सलील आत्यांच्या मागे केव्हाचा उभा होता. त्याने भांडं इराच्या हातात दिलं. ती घटाघटा प्यायली.

"म्हणून तू माझ्या तोंडाकडे बघायची नाहीस?" तो आईला म्हणाला. "शाळेच्या गॅदरिंगला मी पहिल्या रांगेत उभा, आणि तू बघतेयस माझ्या बुटांकडे. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

"तुझी नाही रे," अहल्या म्हणाली. मग तिने त्याला दंडाला धरून उन्हाच्या पट्ट्यात बसवलं, चष्मा पदराने पुसला आणि त्याची हनुवटी वर केली.

"पुरे गं आई," तो ओशाळून म्हणाला.

"गप्प बस. मला अजून बघायचंय."