पारोळा ते धुळे, मार्गे आबांचं खळं

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. हसू नका. माझा एक कोपरा जळलेला आहे, पाठीवर गेरू फासलेला आहे आणि पोटात घाटी बांधलेली आहे. घाटी म्हणजे बैलाच्या गळ्यात बांधतात ती घंटा. एवढं सगळं अंगावर वागवणारा दुसरा खोका तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर सांगा.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. रद्दीचा लगदा करून मला बनवलं, त्यामुळे माझ्या अंगात कुणाकुणाच्या जुन्या वह्याही असतील. माझ्यावर छत्रीचं, काचेच्या पेल्याचं आणि वर जाणाऱ्या बाणाचं चित्र छापलं होतं. मला भिजवू नका, आपटू नका, उलटा ठेवू नका, असा त्याचा अर्थ. पुढे माझ्या बाबतीत ही तिन्ही कामं झाली, पण ते असो.

एका उन्हाळ्यात माझ्यात एक मोठा कूलर बसवून मला पारोळ्याच्या दुकानात पाठवलं. तिथून हितेंद्र नावाच्या शेतकऱ्याने मला जवळच्याच आपल्या गावी आणलं. कूलर घरात गेला आणि गार वाऱ्याचं सगळं कौतुक त्याला मिळालं. त्याला धक्का न लागू देता इतक्या लांब आणणारा मी मात्र गोठ्यात पडलो. तिथे एका कोंबडीने माझ्यात बसून अकरा पिल्लं काढली. तेवढाच काय तो माझा मान! नंतर ती पिल्लंही मला विसरली.

हितेंद्रची मुलगी कामिनी यंदा पाच वर्षांची होणार होती. धुळ्याला तिच्या आतेभावाचा, भूपेंद्रचा वाढदिवस हॉलमध्ये झाला होता. तिथे गाड्यांचे फुगे होते, गाडीचा केक होता आणि बसायला विजेवरची मोटार होती. तेव्हापासून कामिनीला गाड्यांचाच वाढदिवस हवा होता. तिची आई दिपमाला हिने हॉलवाल्याला फोन लावला, भाडं ऐकलं आणि "बरं, कळवते" म्हणून ठेवून दिला. तोवर कामिनी अंगणवाडीत सांगूनही आली होती, "मना वाढदिवसले बस येनार शे. बठ्ठासले बसाडसू!"

झालं! सगळ्यांना बसमध्ये बसवणार म्हटल्यावर आठ दिवस सगळी अंगणवाडी बसची वाट पाहत होती. बस आली नाही, तर पोरगी तोंड कसं दाखवणार? दिपमालाला खरी काळजी हॉलची नव्हती, या शब्दाची होती.

पण बाई मोठी हिकमती. वाढदिवस आपल्याच खळ्यात करायचा, जेवायला घरच्या वांग्यांचं भरीत आणि पुऱ्या, आणि रव्याच्या केकला गोल बिस्किटांची चाकं, असं तिने ठरवून टाकलं. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला आडवा केला, खालची बाजू कापून काढली, खिडक्या पाडल्या आणि कणकेच्या खळीत गेरू कालवून मला लालभडक रंगवलं. कागदी ताटल्यांचे दिवे लावले. कपाळावर पाटी लिहिली, 'पारोळा – धुळे'. हितेंद्रने दुकानातून आणखी तीन खोके मागून आणले होते, त्यांचे ट्रॅक्टर, टेम्पो आणि जेसीबी झाले. बसला घंटी हवी म्हणून कामिनीने गोठ्यातल्या खुंटीवरची घाटी काढली आणि दोरीने माझ्या आत बांधली. खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कूलरचा हेवा वाटला नाही.

रंग ओला होता, म्हणून आम्हा चौघांना खळ्यात कपाशीच्या काड्यांच्या ढिगाला टेकवून ठेवलं. रंगावर धूळ बसू नये म्हणून दिपमालाने आमची रंगवलेली बाजू ढिगाकडे केली. चूक झाली ती इथे.

कामिनीचे आजोबा, उखर्डू आबा, त्या दिवशी अमळनेरला लग्नाला गेले होते. संध्याकाळी आले ते जेवून झोपले. आमच्याबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि जाळ धरायला शेजारी जुने पुठ्ठे ठेवलेले असतात. हे काम घरात कायम आबांचं. ते झुंजुमुंजू होताच उठले, काड्या पाहिल्या, पुठ्ठे पाहिले आणि पोरांनी तयारी चोख ठेवली म्हणून खूश झाले.

आधी ट्रॅक्टर गेला. मग टेम्पो, मग जेसीबी. मित्रांनो, मी ते पाहत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. मग आबांनी मला धरलं आणि माझा कोपरा जाळात सारला. कोपऱ्याने पेट घेतला. मला आणखी आत ढकलायला त्यांनी मागून उचललं, आणि माझ्या पोटात घाटी वाजली.

आबा जागच्या जागी थांबले. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. त्यांचा पाखऱ्या बैल जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ती घाटी ते झोपेतही ओळखतील.

"अरे, हाई ते मना पाखऱ्यानी घाटी!"

त्यांनी मला खसकन मागे ओढलं, डोक्यावरची टोपी काढून तिने माझी आग झोडपली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग मला फिरवलं. लाल रंग, खिडक्या, पाटी. आबांनी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात कामिनी डोळे चोळत बाहेर आली. "आबा, मनी जेसीबी कोठे शे?"

"पोरी, मी चुकनू वं," आबा म्हणाले. "माले वाटनं, भरीतना पुठ्ठा शेत."

कामिनी रडायला लागली. दिपमाला धावत आली. तिने राख पाहिली, माझा काळा कोपरा पाहिला, आणि आत हात घालून घाटी वाजवून पाहिली.

"आबा, बस वाचनी ना? मंग बठ्ठं वाचनं," ती म्हणाली. "हिने बसच कबूल केली आहे, जेसीबी कुठे कबूल केली?"

कामिनीने जरा विचार केला आणि डोळे पुसले. हे तिला पटलं.

दुपारी सगळी अंगणवाडी आली. माझ्यात तिघं उभी राहून मला उचलून पळत, बाकीची मागे दोरी धरून धावत. गोठा म्हणजे अमळनेर, पाण्याची टाकी म्हणजे धुळे आणि लिंबाचं झाड म्हणजे चाळीसगाव. पाटीवर नसलेली गावं मी का घेत होतो, हे कुणी विचारलं नाही. करपलेली टोपी घालून आबा कंडक्टर झाले होते. "धुये, धुये, धुये! मांगे सरका, बठ्ठा मांगे सरका!" भरीत थंड झालं, तरी कुणी उतरायला तयार नव्हतं. एक मुलगा धुळ्याला उतरून रडला, म्हणून त्याला परत चाळीसगावला नेलं. शब्द राहिला, मित्रांनो. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, कूलर उतरवला तेव्हासुद्धा नाही.

सगळे गेल्यावर कामिनीने घाटी सोडली आणि आबांच्या हातात दिली. आबांनी ती धोतराने पुसली. मग तिथेच माझ्या आत पुन्हा बांधली, पक्की गाठ मारून.

"ऱ्हाऊ दे, माय. पाखऱ्यानी तुनी गाडी वाचाडी."

आता मी घरात, कूलरच्या शेजारी असतो. माझ्यावर आबांनी कोळशाने लिहिलंय, 'गाडी शे. चुल्हामा टाकू नका.' छत्री आणि काचेचा पेला कुणी वाचला नाही, पण हे मात्र सगळे वाचतात. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू फेकायच्या, फाडायच्या किंवा पेटवायच्या आधी ती एकदा हलवून पाहा. आत कुणाची तरी घाटी असेल.