तीन मोजेपर्यंत

थोरलीने मावशीच्या दंडावर रबरी पट्टी आवळली, कोपराच्या खळग्यात दोन बोटं टेकवली आणि शीर शोधू लागली. दर तीन महिन्यांनी ड्युटीवर जाण्याआधी ती मावशीचं उपाशीपोटीचं रक्त घ्यायला यायची. लॅबचा माणूस मावशीला चालत नसे. पस्तीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांना टोचत आलेल्या या बाईचे, स्वतःला कोण टोचणार याबाबत मात्र भारी नखरे होते.

"लागेल हं. तीन मोजेपर्यंत," थोरली म्हणाली.

हे वाक्य मावशीचंच. लागणार नाही असं पेशंटला कधी सांगायचं नाही. लागेल म्हणायचं आणि किती वेळ तेही सांगायचं. माणूस सुईला भीत नाही, खोट्याला भितो. थोरली शिकायला लागली त्या पहिल्याच वर्षी मावशीने तिला हे सांगितलं होतं, आणि थोरलीने ते इतकं मनावर घेतलं की खुद्द मावशीलाही त्यातून सूट नव्हती.

"ताई, थांब जरा," टेबलापलीकडून धाकटी बहीण म्हणाली. "उद्या शेवटची तारीख आहे. आधी माझं सांगा, मग काय ते रक्त काढा."

थोरलीने पट्टी सैल केली. धाकटीची शाळा नुकतीच संपली होती आणि तिच्यापुढे प्रवेशाची दोन पत्रं होती. एक इथल्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलचं, तीन वर्षांच्या डिप्लोमाचं. दुसरं एका दिवसाच्या प्रवासावरच्या कॉलेजचं, चार वर्षांच्या डिग्रीचं. दोघींच्या आईने केव्हाच हात वर केले होते. मावशीने ताईचं बघितलं, तुझंही तीच बघेल, असं म्हणून तिने धाकटीला इकडे धाडून दिलं होतं.

"माझं तर ठरल्यातच जमा आहे," धाकटी म्हणाली. "डिप्लोमा. इथेच तुझ्याकडे राहीन मावशी, ताईच्या खोलीत. डिग्री काय, नंतरही करता येते. ताई करणारच होती ना?"

"करणार होते," थोरली म्हणाली.

आधी हॉस्पिटलने सोडलं नाही, मग लग्न झालं, मग बाळ झालं. मागच्या महिन्यात तिच्या वॉर्डला नवी इन्चार्ज आली, तिच्याहून चार वर्षांनी लहान, डिग्रीवाली. थोरलीने ते फोनवर मावशीला हसत हसत सांगितलं होतं. रडून सांगितलं असतं तर मावशीला समजूत तरी घालता आली असती. हसण्यावर काय बोलणार? दोन दिवस मावशीला अन्न गोड लागलं नव्हतं.

तरीही गेल्या आठवड्यात मावशीने ताईच्या खोलीतले पडदे धुतले होते. थोरली लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. खाटेवर नवी चादर घालून तिचे कोपरे वॉर्डातल्यासारखे घट्ट दुमडले होते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"बोल ना मावशी. ताईच्या प्रवेशाच्या वेळी तिला म्हणालीस तेच मलाही म्हण. पेशंटला कागद दिसत नाही, हात दिसतो."

हे वाक्य त्यांच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. शिवाय ते खोटंही नव्हतं. थोरलीच्या हाताला गुण होता. कुणाची शीर सापडेना की दुसऱ्या वॉर्डातून तिला बोलावणं यायचं, आणि तिने कोणाला दोनदा टोचल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

 मावशीने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. रोज संध्याकाळी दार वाजलं असतं, चपला काढता काढताच कोणीतरी वॉर्डातल्या गमती सांगायला लागलं असतं, आणि दिवसभर न बोलून मावशीच्या घशाला पडलेली कोरड गेली असती. तिला ते फार हवं होतं.

"लांबच्या कॉलेजात जा," ती म्हणाली. "डिग्रीला."

"मग ताईला का इथे..."

"ताईलाही त्या कॉलेजचं पत्र आलं होतं. तिचे मार्क तुझ्याहून चांगले." मावशीने थोरलीकडे बघायचं टाळलं. "हात दिसतो वगैरे सगळं खरं आहे. पण मी ते तिच्या भल्यासाठी म्हटलं नव्हतं गं. मला घरात बोलायला माणूस हवं होतं. चुकलं माझं."

धाकटीने ताईकडे बघितलं, मग दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली आणि त्यांच्या कडा जुळवत बसली.

थोरलीने पट्टी पुन्हा आवळली. स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई आत गेली, पण रक्त आलं नाही. तिने सुई जराशी मागे घेतली, पुन्हा सारली, तरी नाही. मावशीची शीर सुतळीसारखी वर आलेली होती. शिकाऊ पोरीलाही सापडली असती. थोरलीने सुई बाहेर काढून कापूस दाबून धरला. तिचा अंगठा नेहमीपेक्षा जड लागत होता.

"असू दे," मावशी म्हणाली. "काही लागलं नाही मला."

जन्मभर तिने ज्याची मनाई केली, तेच ती बोलून बसली होती.

"दुसरा हात दे," थोरली म्हणाली.

मावशीने बाही वर केली आणि हात टेबलावर पसरला. थोरलीने नवी सुई काढली, पट्टी बांधली आणि दोन बोटांनी शीर चाचपत राहिली. शीर केव्हाच सापडली होती.

"लागेल," ती म्हणाली.

मावशी पुढचं ऐकायला थांबली. किती वेळ, ते थोरलीने सांगितलं नाही.