झोपलेल्या गाडीतला जागा डबा

“आबा, मी कुटंबी असलो तरी आपली गाडी कुटं हाय, ते मला संगणकावर दिसनार!”

हा सुधीरचा आवाज, आपल्या वडलांना सांगतानाचा. बरीच वर्षं झाली त्याला. मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे, मुळशीकडच्या एका गावात पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटखाली राहिलेली.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या उभ्या केल्या, वर तेजाब ओतलं आणि मला जीव आला. २००६ साली हिंजवडीत नोकरीला लागलेल्या सुधीरनं ही मोटार घेतली. विमावाला म्हणाला, “गाडीचा माग ठेवणारा डबा बसवा, हप्त्यात सूट मिळेल.” डॅशबोर्डमागं एक काळा डबा बसला आणि त्याची तार थेट मला जोडली गेली. गाडी झोपली तरी डबा जागाच. ‘इथं आहे, इथं आहे’ असं कुठंतरी कळवत राही आणि त्यासाठी थेंब थेंब मला पीत राही. तेव्हा गाडी रोज धावे, त्यामुळे गेलेलं पुन्हा भरून येई. ऐन थंडीत पहिल्याच किल्लीला मी इंजिन उठवलं की सुधीर बॉनेटवर थाप मारी. “वाघीण हाय आमची!”

पुढच्या वर्षी त्यानं बावधनला फ्लॅट घेतला आणि आईवडलांना म्हणाला, तिकडं चला. त्याचे आबा, हैबतराव, भडकले. “भातखाचरं सोडून त्या खुराड्यात ऱ्हाऊ व्हय मी? जा तू. परत या दारात येऊ नगंस!”

सुधीरनं गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली आणि एसटीनं निघून गेला. पुढं बंगळूरला गेला. आबांनी ‘ये’ म्हटल्याशिवाय तो येणार नव्हता, आणि आबांच्या तोंडून तेवढा एक शब्द निघत नव्हता.

दर रविवारी मात्र आबा इस्त्रीचा सदरा घालून गाडी काढत. धरणाच्या भिंतीपर्यंत जात, जरा थांबत, परत येत.

“कुनाला दावाया निगालंय नवरदेव?” त्यांची बायको गोजराबाई चिडवायची.

आबा किल्ली फिरवत. भिंतीजवळ एकटे असले की मात्र काचेकडं बघून पुटपुटत, “बघ रं बाबा. हिंडतुया. धडधाकट हाय.” संगणकावरचा ठिपका हलला की पोराला बापाची खुशाली कळते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आठवड्याची ती एक फेरी मला पुरेना. डबा सहा दिवस प्यायचा आणि सातव्या दिवशी माझ्यात घोटभर भरायचं. टोकांवर पांढरा भुगा साचला. हळूहळू मी बधिर झाले. दुखत नव्हतं, मित्रांनो. दुखायलासुद्धा आत थोडी वीज लागते. किल्ली फिरली की मी नुसतं ‘टक’ म्हणे. मग शेजारीपाजारी गाडी उतारावर ढकलत नेत.

पौडच्या गॅरेजचा बहिरू येऊन बघून गेला. “आबा, हिचा दोष न्हाई. त्यो डबा हिला पितोय. तार तोडतो, मिटलं.”

“हात लावून तर बघ! आन् घरात बोलायचं न्हाई.”

घरात त्यांनी सांगितलं, बॅटरी म्हातारी झाली. सगळे मला नावं ठेवू लागले. मला त्याचंही काही वाटलं नाही.

२०१० च्या भातकापणीत एका रविवारी मी ‘टक’सुद्धा म्हटलं नाही. माणसं शेतावर होती. आबा एकटेच गाडी ढकलू लागले. दहा पावलांत धाप लागून मातीतच बसले. गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“आवं, जीव देताय का त्या डबड्यापायी?”

“ठिपका हलाया पायजे. सुधीर बघत आसंल. त्याला वाटंल, बाप गेला.”

गोजराबाई त्यांच्याजवळ खाली बसली. “त्याला काय बी दिसत न्हाई. वरीसभराचं पैसं सरलं, तवाच ते संगणकावरचं दिसायचं बंद पडलं. त्यानंच सांगितलं. तुमी खाचरावर गेला की माझ्या मोबाइलवर फोन करतो. पयलं हेच इचारतो, आबा गाडी घेऊन गेलं व्हतं का? तुमाला सांगितलं आसतं, तर तुमी दारातनं हाललाच नसता.”

आबांनी बहिरूला निरोप धाडला.

संध्याकाळी बहिरूनं तार तोडली आणि मला काढून ओट्यावर ठेवलं. मित्रांनो, गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवणार असाल तर माझ्या भाऊबंदांची एक तार काढून ठेवा. काम सरलेली वस्तू उगाच कुणाला जोडून ठेवू नका. ती कुरकुरत नाही, नुसती पीत राहते.

गोजराबाईनं फोन लावला आणि आबांच्या कानाला धरला.

“हॅलो? आई?”

आबांनी फोन आपल्या हातात घेतला.

“गाडी बंद पडलीया,” ते म्हणाले. मग फोन कानाशी घट्ट धरला.

“सुधीर... घरी ये.”