सोन्यावरचा खळगा

"आबा, रेंज कुठं येती?" जयवंतानं ओसरीवरून विचारलं. तिच्या हातात मोजणीचे जुने कागद होते.

तिचा बाप रायभान कडब्याची पेंढी सोडत होता. "पान्याच्या टाकीपाशी येती कव्हामव्हा. काय झालं?"

ती चपला अडकवून निघाली.

२००९ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आईचा हात मोडला म्हणून ती बंगळूरहून चार दिवसांसाठी हसनाबादला आली होती. तिकडच्या प्रयोगशाळेत साडेपाच वर्षं तिचं एकच काम चालू होतं. एका दुर्मीळ धातूचा तुकडा विलक्षण थंड करायचा, त्याच्याजवळ, पण न टेकवता, सुईचं टोक न्यायचं आणि मधल्या फटीतून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजायचा. त्या थंडीत धातूतले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड झाल्यासारखे वागतात आणि आलेखात एक खळगा उमटतो. उन्हाळ्यात तो तिला सापडला होता. त्यावरचा शोधनिबंध तिचे मार्गदर्शक सर आज चार वाजता परदेशी नियतकालिकाकडं पाठवणार होते. पहिलं नाव तिचं, मेंढ्या राखणाऱ्या धुळाजीच्या नातीचं.

आणि आज जुने कागद चाळताना तोच खळगा तिला सोन्याच्या पट्टीवरही दिसला. सुई तपासायला घेतलेली ती मोजणी तिनं तेव्हा घाईत न बघताच बाजूला सारली होती. सोन्यात इलेक्ट्रॉन जड होत नाहीत. म्हणजे दोष सुईच्या टोकाचा होता.

साडेतीन झाले. टाकीपाशी फोन दोनदा लागला, दोनदा तुटला. मागोमाग रायभान येऊन उभा राहिला. तिनं तुटक शब्दांत सगळं सांगितलं.

"हे अजून कोनाला कळलंय?"

"न्हाई. मलाच."

"मंग?"

"मला कळलंय ना, आबा."

रायभाननं टाकीच्या लोखंडी शिडीकडं बघितलं. "वर चढ. वर बराबर लागतो. जल्दी कर, मी धरतो शिडी."

चाराला आठ मिनिटं कमी असताना सरांचा आवाज आला.

"सर, निबंध पाठवू नका. तो खळगा सोन्यावरही आहे. चूक माझी आहे."

फोन तुटला की काय म्हणून तिनं दोनदा कानापासून काढून पाहिला.

"नक्की?"

"हो सर."

"दुसरा गटही याच धातूवर लिहितोय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"सोमवारी ये. नवी सुई करू."

पुढं पाच महिन्यांत त्या गटाचा निबंध छापून आला, आणि जयवंताचा प्रबंध दोन वर्षं लांबला. पण टाकीवर बसलेल्या तिला त्या घडीला एवढंच कळत होतं, की शिडी उंच आहे आणि खाली उतरायचं आहे.

खाली रायभान दोन्ही हातांनी शिडी धरून, मान वर करून उभा होता.

"सावकाश ये," तो म्हणाला. "मला कुठं जायचं न्हाई."