मग ओढतं कोण?

धुळ्यात पारोळा रोडला माझं गिअरबॉक्सचं गॅरेज आहे. युवराज नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, असं लोक माझ्याबद्दल बोलतात आणि मीही त्यांना कधी अडवलेलं नाही. पण ज्या गाडीला पायाखाली क्लचच नाही तिच्यावर माझा पहिल्यापासून राग. ड्रायव्हरनं गिअर टाकायचा नाही तर करायचं काय? बसून शेंगा खायच्या? शिरपूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधून मेघाताईंचा फोन आला, तेव्हा त्यांनाही मी हेच ऐकवलं.

मेघाताई वडिलांच्या मागे ती जिनिंग एकट्या चालवतात. वडिलांनी कधीकाळी विमानतळावरची जुनी फायरगाडी लिलावात घेतली होती. कापसाला एक ठिणगी पुरते आणि गावातून बंब येईपर्यंत राख उरते, म्हणून. ही गाडी ऑटोमॅटिक होती. विमान पेटल्यावर गिअर शोधत बसायला वेळ नसतो म्हणे.

"युवराजभाऊ, गाडीत खोट आहे की नाही, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "खोट असेल तर भंगारात देते. नसेल तर ड्रायव्हर बदलते."

तो ड्रायव्हर म्हणजे अभिमन. जिनिंगच्या फाटकातच तो माझी वाट पाहत उभा होता. पन्नाशीचा उंच माणूस, पण उंची लपवायची असल्यासारखा वाकून चालणारा. गाडीकडे जाता जाता त्यानं सगळं सांगितलं. संक्रांतीच्या आधी आवारातला कापसाचा मोठा ढीग पेटला होता. हा धावत गाडीत चढला, गाडी डीवर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकली, पाय दाबला. इंजिन गर्जायला लागलं, गाडी मात्र जागची हलली नाही. सगळे मजूर ओरडत होते, "अभिमन, चाल!" शेवटी बायाबापड्यांनी हातानं पाइप ओढत नेला. कुणी भाजलं नाही, पण ढीग गेला. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी. मेघाताईंनी सगळ्यांसमोर गाडी सुरू करायला लावली, तर ती गुमान चालायला लागली!

"त्या दिनपाईन लोक म्हंतस, अभिमन पयना," तो म्हणाला. पयना, म्हणजे पळाला. "आगले भ्याना, गाडी पुढे लयनाच नही. आते माले बी वाटस भाऊ, मन्हा पायच दबना नही का काय?"

मी गाडीखाली वाकून तेल गळतंय का ते पाहिलं.

"पोऱ्यानी माय काहीच इचारस नही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तेच जास्त लागस."

ती, म्हणजे त्याची बायको बेबाबाई, समोरच्या शेडमध्ये बायकांबरोबर कापसातला कचरा निवडत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी गाडी सुरू केली. डीवर टाकली. गाडी लोण्यासारखी निघाली. आवाराला फेरी मारली, वजनकाट्याचा चढ चढलो, उतरलो. काही नाही! माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब बोलावून माझा दिवस खाल्ला या माणसानं. मी चावी काढायला हात घातला.

"भाऊ, बंद करू नका," अभिमन खिडकीशी आला. "त्या दिन ती सकायपाईन धुळावर पानी मारत व्हती. इंजिन बंदच नही व्हतं."

मला तो बहाणा वाटला. तरी, मेघाताईंचा चहा व्हायचाच होता, म्हणून पाण्याचा पंप लावून गाडी तशीच चालू ठेवली. अभिमन आवारात पाणी मारत राहिला. मी खाटेवर बसून चहा प्यायलो, वर मेघाताईंना दोन उपदेशही केले. मग उठलो, पंप बंद केला, गाडीत चढलो, डीवर टाकली आणि पाय दाबला.

इंजिन गर्जलं. गाडी हलली नाही.

आणखी दाबला. अख्खी केबिन थरथरायला लागली, काचा वाजायला लागल्या, पण चाक म्हणून फिरेना. ब्रेक पाहिला, सुटलेला होता. शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी पाय तळापर्यंत रेटला. खरं सांगतो, माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं, की माझा पाय बरोबर पडतोय ना? समोर आग नव्हती, कुणी ओरडत नव्हतं, तरी मला असं वाटलं. मग त्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल!

खाली उतरलो तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला होता. "अभिमन," मी म्हणालो, "तुन्हा पाय बरोबर व्हता."

त्याला ते खरंच वाटेना.

इंजिन बंद करून आम्ही थोडा वेळ थांबलो. पुन्हा सुरू केली, तर गाडी शहाण्यासारखी चालली. आता मात्र मला हसू आलं, कारण ही खोड मी लहानपणापासून ओळखत होतो. विहिरीतल्या मोटारीच्या फुटव्हॉलला, म्हणजे पाइपाच्या तोंडच्या जाळीला, पाला अडकला की हेच होतं. मोटार फिरते, पाणी येत नाही. मोटार बंद केली की पाला सुटून खाली पडतो, पुन्हा लावली की पाणी येतं, आणि जरा वेळानं पाला ओढला जाऊन पुन्हा बंद. या गाडीच्या गिअरबॉक्सातही एक पंप असतो आणि तो खालचं तेल एका जाळीतून ओढतो. त्या जाळीवर काहीतरी बसत होतं.

चाकांमागे दगड लावून मी खाली शिरलो आणि तेलाचा चेंबर उतरवला. तेल काळं निघालं, करपलेल्या फोडणीसारखा वास. आणि जाळी? जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर भाकरीएवढा जाड, काळपट, ओला थर बसलेला. मी तो बोटानं सोलला, पेट्रोलमध्ये खंगाळला, पिळला, उन्हात धरला. धुतल्यावर तो पांढरा पडला.

कापूस होता!

"तेल पाहायची पट्टी कशानं पुसतोस?" मी विचारलं.

"रुईघाई," तो लगेच म्हणाला. "रोज सकाये. पोऱ्यानी माय निवडेल रुई देस. चिंधीमा माती ऱ्हास ना भाऊ."

आणि मग त्यालाच समजलं. रोज सकाळी, एकही दिवस न चुकता, बायकोनं निवडून दिलेल्या स्वच्छ रुईनं तो पट्टी पुसायचा. पट्टीला चिकटलेले तंतू तिच्याबरोबर आत जायचे. जिनिंगमध्ये रुईला काय तोटा! दुसऱ्या कुठल्या गावात ड्रायव्हरनं मळका फडका वापरला असता आणि गाडी धडधाकट राहिली असती. इथं माणसानं जीव लावला आणि तिचा गळा आवळला.

तो चाकाला टेकून खाली बसला. मी थर कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि मेघाताईंना एवढंच सांगितलं, की खोट आहे पण निघेल, भंगाराचा विचार सोडा.

गिअरबॉक्स उतरवून आम्ही धुळ्याला आणला. तेल कमी पडल्यानं आतल्या क्लचच्या चकत्या घासून जळाल्या असणार, त्या बदलायला हव्या होत्या. ऑटोमॅटिक मी जन्मात खोलला नव्हता. नाशिकच्या ओळखीच्या फिटरकडून फोनवर चित्रं मागवली, टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात केली. अभिमन रोज शिरपूरहून येऊन समोर बसायचा.

पहिल्यांदा बाहेर काढलं ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं गोल भांडं. हे माझं ओळखीचं. जेसीबीत असतं. आत दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं. दुसरा गाडीला जोडलेला. मी त्याला समजावलं, की हे दोघे एकमेकांना शिवत नाहीत. कुठं दात नाही, खिळा नाही, पट्टा नाही.

अभिमननं वाकून पाहिलं. "मंग वढस कोन?"

"तेल."

"एवढी मोठी गाडी? पानी भरेल?"

"तेलच. हा पंखा तेल फेकतो, तेल त्या पंख्याला फिरवतं."

हे वाक्य मी आयुष्यात कितीदा तरी बोललो असेन. गिऱ्हाइकाला पटवायला, पोरांना शिकवायला. पण त्याचा तो प्रश्न ऐकून मी पहिल्यांदा थांबलो. खरंच की. पाण्यानं भरलेली ती धूड गाडी चढ चढते आणि मधे कुणाचाच हात कुणाच्या हातात नाही. मी पंख्यावर बोट ठेवून तो हळूच फिरवून पाहिला.

पुढचं तर माझ्या कल्पनेतही नव्हतं. खालच्या बाजूला एक ओतीव ठोकळा होता. तो उघडला आणि आम्ही दोघेही त्यावर वाकलो. आत नुसते पाट. वळणावळणाचे, बोटभर रुंद, त्यांना फाटे, फाट्यांना आणखी फाटे, आणि जागोजागी पेन्सिलीएवढे दट्ट्ये, मागे मऊ स्प्रिंगा. माझे वडील, आबा, पांझरा नदीकाठी फडाचे, म्हणजे गावाच्या सामाईक पाटपाण्याचे, पाटकरी होते. कुठल्या शेताला केव्हा पाणी द्यायचं, कुठली बारी, म्हणजे पाटाचं तोंड, बंद करायची, हे रात्रंदिवस पायपीट करून पाहायचे, तरी भांडणं व्हायचीच. इथं पाटकरी नव्हता. गाडीचा वेग वाढला की तेलाचा जोर वाढतो, जोर वाढला की तेलच दट्ट्या ढकलून आपली बारी उघडतं, आणि जुना गिअर सुटून नवा धरला जातो. सांगायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही. हे कुणीतरी कागदावर आधी पाहिलं असेल! मी ज्याला शेंगा खायची गाडी म्हणत होतो, त्या गाडीपुढे मी हात जोडले. लाज कसली? खरोखरच जोडले.

"आबा राहते तर रडते," मी म्हणालो.

अभिमन त्या पाटांत अडकलेले तंतू दाभणानं एकेक करून काढत होता. एकही सोडत नव्हता.

नव्या चकत्या आल्या, नवी जाळी बसली. गाडीत गिअरबॉक्स चढवायच्या आदल्या दिवशी मी त्याला बाजूला घेतलं. "दख, मेघाताईले मी सांगस, जाळी जुनी व्हती, फाटी गई. रुईनं नाव काढू नको. तुन्ही नोकरी जाई."

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "मंग लोक म्हंतीन, मिस्तरीले दया उनी. नही भाऊ. माले येडा म्हनोत, चाली. पयपुट्या नको."

त्यानं हात पुढे केला आणि मी त्या कापसाची कागदी पुडी त्याला दिली.

चाचणीच्या दिवशी अभिमननंच सकाळपासून पंप चालू ठेवला. ऊन चढलं, मजूर जेवायला बसले, तरी इंजिन चालूच. मग त्यानं पंप बंद केला आणि डीवर टाकली. मी चाकांकडे पाहत होतो. गाडी निघाली. कापसाच्या नव्या ढिगापर्यंत सरळ, दमदार, कुठे न अडखळता. दुसरा गिअर कधी पडला ते मलाही ऐकू आलं नाही. ढिगापाशी त्यानं ब्रेक दाबला आणि बंबाची तोटी सोडली. पाणी शेडच्या पत्र्यावरून पलीकडे गेलं. पोरं ओरडली.

मेघाताई म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी गाडीच अडली होती."

"गाडीच," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आलं असतं.

पण अभिमन खाली उतरला होता. खिशातून पुडी काढून तो शेडमध्ये गेला आणि एकेका माणसासमोर उभा राहिला. आता त्याची पूर्ण उंची दिसत होती.

"हाऊ दखा. हाऊ मन्हा हातना कापूस. पट्टी पुसतांना मीच आत टाका. त्या दिन गाडीना गया यानीच दाबा. मी येडा शे. पन मी पयना नही."

काही हसले. काहींनी मान खाली घातली. ज्यानं सगळ्यांत जास्त बडबड केली होती, तो उठून पाणी प्यायला गेला. मेघाताईंनी गाडीची चावी त्याच्याकडून काढून घेतली नाही, एवढं मी पाहिलं. तेलानं ओढलेली गाडी पाहून मी हात जोडले होते. आता या माणसापुढे मनातल्या मनात पुन्हा जोडले.

सगळ्यात शेवटी तो बेबाबाईपुढे आला. त्यानं नुसता हात पुढे केला.

तिनं तो काळपट पांढरा गोळा उचलला, दोन बोटांत ओढून पाहिला. रुई ओळखायला तिला काय वेळ लागणार? रोज सकाळी तीच तर निवडून द्यायची. ती मांडीवरचा कापूस झटकून उठली, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"त्यामा अर्धा मन्हा बी शे."