चुलीच्या डाव्या अंगाला

त्या दोन-तीन वर्षांत कापसानं वऱ्हाडातल्या माणसांचं डोकं फिरवलं होतं. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती. कोण कोणाशी लढतंय हे नांदगावच्या पंचक्रोशीत एकालाही ठाऊक नव्हतं, पण तिच्यामुळं मुंबईचे दलाल बांधावर येऊन उभे राहत होते एवढं खरं. लोकांनी गुरांची चराई मोडून कापूस पेरला. एका शहाण्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैलांना त्याचं काय वाटलं ते बैलांनाच ठाऊक. खुशालराव त्यातला नव्हता. हातात चार पैसे खेळायला लागले तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवलं ते बायकोचं स्वयंपाकघर.

ते त्याच्या आज्यानं बांधलेलं. घराच्या पाठीमागची काळोखी खोली, जमीन अंगणापेक्षा हातभर खाली. पावसाळ्यात ओल वर यायची आणि कितीही सारवलं तरी चार दिवसांत पोपडे सुटायचे. घुशींनी कोपरे पोखरले होते. धूर जायला छपरात एक भोक होतं, पण धुराला ते कधी सापडत नसे. मैनाबाई डोळे पुसत पुसत भाकरी थापायची आणि तिच्या दोन्ही पोरी, पाच वर्षांची ठकू आणि अडीच वर्षांची बगी, खोकत खोकत तिथंच खेळायच्या. बगीला राख खायची खोड होती. ठकू तिच्या तोंडात बोट घालून राख काढायची आणि बगी त्या बोटाला कडकडून चावायची.

एके दिवशी जेवता जेवता खुशालराव म्हणाला, "अवं, हे सयपाकघर पार बदलून टाकतो. जमीन उंच करतो, खाली फरशी, वर धुराडं. किती दिवस तू डोळे पुसत राह्यशीन?"

दुसरी बाई असती तर हरखून गेली असती. मैनाबाईला ते नको होतं.

कारण चुलीच्या डाव्या अंगाला, जिथं ती काठवट मांडून बसायची तिथं, हातभर खाली तिचं पहिलं लेकरू होतं. नऊ दिवसांचं. बारसंसुद्धा झालं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं. सहा वर्षांमागं, हिवाळ्यात, खुशालराव कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता आणि इकडं पोराला धनुर्वात झाला. सासू माणिकबाईनं त्याला नव्या मडक्यात निजवलं, घरातच खड्डा खणला, आणि झाकण ठेवायच्या आधी चुलीची काजळी बोटावर घेऊन त्याच्या उजव्या कानामागं एक ठिपका लावला.

"घरातच ठेवला म्हंजे वाट चुकत नाई," माणिकबाई म्हणाली होती. "तुया पायाखालून तुयाच पोटी येईन. आला का कानामागं पाह्यजो, हा ठिपका घेऊन येईन. पन कोनाले सांगजो नको. नवऱ्यालेबी नाई. बोललं का वाट बंद होते."

मैनाबाई कोणाला बोलली नाही. ठकू झाली तेव्हा सासू-सुनेनं आधी कानामागं पाहिलं. ठिपका नव्हता. बगी झाली तेव्हाही नव्हता. मग पटकीच्या साथीत माणिकबाई गेली आणि ते गुपित एकट्या मैनाबाईच्या जिवावर आलं. ती दोघी पोरींना जेवायला नेहमी त्याच जागी बसवायची. बाहेरच्याला दोन पोरी जेवताना दिसायच्या. तिच्या लेखी तिथं तिघं बसलेली असत. आणि आता तिला पुन्हा तिसरा महिना होता. या खेपेला तिला जिभेवर सारखी राखेची चव येई. तिच्या मनानं घेतलं होतं, हा तोच.

"फरशी कायले पाह्यजे?" ती म्हणाली.

"पाह्यजे. पावसाळ्यात तुह्या पायाले चिखल्या होतात."

मग तिला एक युक्ती सुचली, आणि ती युक्तीच पुढं तिच्या मुळावर आली. "काई बी करा," ती म्हणाली, "पन चूल मोडू नका. तुमच्या मायच्या हातची हाय."

खुशालरावाला गहिवरून आलं. "नाई मोडत. मायची आन."

चूल राहिली म्हणजे चुलीच्या बाजूची जागाही राहिली, असं तिनं धरलं. शिवाय काम पोळ्यानंतर काढायचं ठरलं होतं. तोवर पोटातलं चांगलं मोठं झालं असतं, मग आपण तिथं पाय रोवून उभं राहू, असं मनाशी म्हणत ती आखाजीच्या सणाला दोन्ही पोरींना घेऊन अकोल्याकडं माहेरी गेली.

इकडं झालं असं, की अमरावतीचा दाऊद मिस्त्री अचानक पंधरा दिवस मोकळा सापडला. त्या काळात गवंडी मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. सगळे व्यापाऱ्यांच्या वखारी बांधण्यात गुंतलेले. खुशालरावानं विचार केला, बायको नाही, पोरी नाहीत, धूळ कोणाच्या नाकात जायची नाही. आली की तिनं पाहत राहावं! चांगल्या मनाच्या माणसाला घाई झाली की त्याला आवरणारं कोणी नसतं.

वीस दिवसांनी बैलांची दमणी दारात उभी राहिली तेव्हा खुशालराव स्वतः पुढं झाला. त्यानं बगीला खांद्यावर घेतलं आणि लहान पोरासारखा मैनाबाईच्या पुढं पुढं चालत मागल्या दारी आला.

खोली ओळखू येत नव्हती. जमीन अंगणाच्या वर उचललेली, काळ्या दगडाची घडीव फरशी सांध्याला सांधा लागून बसलेली. भिंतीला चुन्याचा हात, पूर्वेला खिडकी, आणि खिडकीखाली चूल. तीच जुनी चूल.

"पाह्य!" खुशालराव म्हणाला. "एक चीर नाई गेली तिले. दाऊदभाईनं खालून फळी सरकवली अन् सहा मानसांनी उचलली. म्या सांगितलं, बाकी काई बी फुटू दे, चुलीले धक्का लागला तर काम बंद."

दाऊद मिस्त्री दारात कामाची हत्यारं गोळा करत होता. तो हसून म्हणाला, "बाई, चाळीस साल झाले हे काम करून राह्यलो. चुलीची पालखी काढनारा मानूस पह्यल्यांदा पाह्यला."

ठकू फरशीवर टाळ्या वाजवत धावली. बगीनं पाय आपटून पाहिले. फरशी वाजते हे तिला फार आवडलं. मैनाबाई उंबऱ्यातच उभी होती. जिथं चूल होती तिथं आता नुसती सपाट फरशी होती, आणि तिला डावं अंग कुठलं तेसुद्धा उमजेना.

"खालची माती?" तिनं विचारलं.

"सगळी काढली. घुशींनी पोकळ केली होती, मिस्त्री म्हने हिच्यावर फरशी टिकनार नाई. दीड हात खोदून मुरूम भरला. अन् माती वाया नाई गेली बरं!" त्याचा चेहरा उजळला. "जुन्या घरातली पांढरी माती, खतापेक्षा भारी. आपल्या गड्यानं, सहदेवनं, गाडीच्या आठ खेपा करून वावरात नेऊन टाकली, वरून वखर बी मारला. औंदा त्या तुकड्यात कापूस पाह्यजो फक्त."

मैनाबाई वळली आणि तशीच, प्रवासाच्या लुगड्यानिशी, वावराच्या वाटेला लागली.

वैशाखाचं ऊन होतं. काळ्या जमिनीत दोन एकरांचा तुकडा किंचित करडा दिसत होता, तेवढीच त्या मातीची खूण. ती तिथं बसली आणि हातांनी ढेकळं फोडू लागली. खापरं निघत होती. कोणत्या जुन्या घराच्या मातीत खापरं नसतात? फुटक्या घागरीची, परळाची, गाडग्याची. प्रत्येक खापर ती पदरानं पुसून पाहायची आणि बाजूला मांडायची. ढीग वाढत गेला. त्यातलं त्याचं कोणतं, हे तिला आई असून सांगता येईना, आणि तिथं तिचं काळीज फाटलं.

खुशालराव धापा टाकत मागून आला. "अवं, काय झालं? काय सांडलं? काय पाहून राह्यली?"

सहा वर्षं दाबून ठेवलेलं ती त्याला एका दमात बोलली. मडकं, ठिपका, माणिकबाईची ताकीद, राखेची चव, सगळं.

खुशालराव तिच्याशेजारी ढेकळांत बसला. तो म्हणाला, "मायनं मले सांगितलं, मातीत देलं. मले वाटलं, नदीवर देलं असंन."

"तुमी कदी इचारलंच नाई."

"इचारलं तर तू रडशीन म्हनून नाई इचारलं."

"मी रोजच रडत होती," मैनाबाई म्हणाली. "तुमाले धूर वाटे."

त्यानं एक खापर उचललं, हातात फिरवलं, पुन्हा होतं तिथं ठेवलं. "कसा होता?" त्यानं विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"नऊ दिवसाचं लेकरू कसं असते? लाल. मूठ उघडे नाई. कान तुमच्यावानी." ती थांबली. "आता जागा बी गेली अन् म्या सांगितलं बी. आता तो येत नाई."

मृगाची पेरणी आली. ज्या साली लोकांनी खळ्याच्या कडेलासुद्धा सरकी टोचली, त्या साली खुशालरावानं तो दोन एकरांचा तुकडा पडीत टाकला. ना वखर, ना तिफण. गावानं त्याला वेड्यात काढलं. शेजारचा जानराव तर रोज बांधावरून ओरडायचा, "काय खुशालराव, तठी काय चांदी पुरली का?" खुशालराव मान खाली घालून पुढं जायचा. घरात त्याविषयी कोणीच बोलत नव्हतं. मैनाबाई नव्या स्वयंपाकघरात रांधत होती. धूर सरळ धुराड्यातून निघून जायचा, आणि आता डोळ्यांत पाणी आलं तर त्याला कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. ठकूनं एकदा विचारलंही, "माय, आता तं धूर नाई, मंग काहून?" मैनाबाईनं तिला भाकरीचा पापुद्रा दिला आणि गप्प केलं.

कार्तिकात, कापूस वेचणीच्या ऐन घाईत, ती बाळंत झाली. सकाळ नुकतीच उजाडली होती. सुईण गोदाबाईनं लेकराला पुसलं, उलटं-सुलटं केलं आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोट्टीच हाय बाप्पा. तिसरी."

बाहेरून खुशालरावाचा आवाज आला, "उजव्या कानामागं पाह्य."

"आं?"

"कानामागं पाह्य म्हनलं ना!"

गोदाबाईनं पाहिलं. मैनाबाईनं डोळे मिटून घेतले. "काईच नाई," गोदाबाई म्हणाली. "काय पाह्यजे होतं?"

मग मैनाबाईला पावलं ऐकू आली. मातीच्या जमिनीवर ती कधी ऐकू येत नसत, फरशीवर आली. ओसरीवरून स्वयंपाकघरात गेली, खिडकीपाशी चूल होती तिथं थांबली, आणि परत आली. सोयर-सुतक कशाची पर्वा न करता खुशालराव थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरला. गोदाबाई ओरडली, "अवो, दहा दिवस शिवू नाई!" त्यानं ऐकलं नाही. तिच्या हातातून लेकरू घेतलं, दाराच्या उजेडाकडं पाठ करून क्षणभर उभा राहिला, मग मैनाबाईच्या उशाशी गुडघे टेकून बसला.

"तिनं नीट पाह्यलं नाई," तो म्हणाला. "तू पाह्य. हाय. आला तो."

लेकराच्या उजव्या कानामागं काळा ठिपका होता. कडा जराशा फिसकटलेल्या. आणि लेकराला धरलेल्या त्याच्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत काळं होतं.

मैनाबाईनं ते बोट पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं. सहा महिन्यांत हा माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता, आणि आत्ता तो तिच्याकडं असा पाहत होता की तिच्या एका शब्दावर त्याचा सगळा जीव टांगलेला होता.

"हो," ती म्हणाली. "आला."

खुशालराव तिच्या खाटेच्या माच्याला कपाळ टेकून हुंदके देऊन रडला. त्याची समजूत घालता घालता तिला स्वतःसाठी रडायला सवड मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं लेकराला तेल चोळून न्हाऊ घातलं. कानामागची त्वचा स्वच्छ निघाली. खुशालराव वेचणीवर गेला होता. दिवस कलायला आला तशी मैनाबाईनं ठकूला हाक मारली आणि चुलीवरच्या तव्याची काजळी आणायला सांगितली.

"दिष्ट लागू नाई म्हनून का वं माय?" ठकूनं विचारलं.

"हो," मैनाबाई म्हणाली.

बाहेर सहदेवच्या गाडीच्या घुंगरांचा आवाज जवळ येत होता. तिनं लेकराला कुशीवर वळवलं आणि नवऱ्याचं पाऊल घरात पडायच्या आत त्याच जागी तेवढाच ठिपका लावला. कडा त्यानं फिसकटल्या होत्या, तशाच तिनंही फिसकटून ठेवल्या.